जमनामावशीचं नाव टीव्हीत गेलं

मिरचीच्या पथाऱ्या पडल्या. परवा सकाळी नंदुरबारच्या अलीकडे पिकअपमधून खाली उतरलो, पहिला श्वास घेतला आणि शिंक आली. डोळे उघडून बघतो तर नजर जाईल तिथवर जमीन लाल. ओली मिरची सुकायला टाकलेली, तिच्यावर हिवाळ्याचं कोवळं ऊन, आणि मधे मधे तोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया. मी तिथेच उभा राहिलो. मुकादम लांबून ओरडला, "ये टीव्ही! उभा काय ऱ्हायना? तुन्ही पालखी येवाव शे का?"

मला टीव्ही म्हणतात आता. माझं नाव धुडकू. आईबापाने ठेवलं तेव्हाच समजून जायला पाहिजे होतं की पोरगं पुढे काय दिवे लावणार. शाळेत मी तीन गुरुजींना कंटाळा आणला आणि चौथ्याने मला घरी पाठवलं. मग मिरची. देठ खुडायचे, फटकी म्हणजे पांढरी पडलेली मिरची बाजूला काढायची, दुपारी पथारी उलथायची. हाताची एवढी आग होते की लोक थंडीत शेकोटी शोधतात आणि आम्ही ताक शोधतो, बोटं बुडवायला. डोळ्याला हात लावायचा नाही हा पहिला नियम. मी पहिल्याच दिवशी लावला.

कामाला दुसराही नियम होता, हसायचं नाही. हसलं की फडक्यातून खाट, म्हणजे मिरचीची तिखट धूळ, आत जाते आणि माणूस पाठीवर पडेपर्यंत खोकतो. आणि मला एकच काम येत होतं, हसवायचं. मुकादम म्हणायचा, "धुडक्या, तू गप बस, तुन्हामुये आर्धी पथारी खोकी ऱ्हायनी." मला तर हसणारं तोंडही दिसायचं नाही, सगळी बांधलेली. डोळ्यांत पाणी, पण ते मिरचीनेही येतं. म्हणून मी खांदे बघायचो. खांदे हालले की विनोद झाला. मान खाली आणि हात देठावर म्हणजे मी मेलो.

जमनामावशीचे खांदे हलवणं सगळ्यात कठीण. ती कोणाची मावशी ते कोणालाच माहीत नाही, अख्ख्या कोरीट गावाची मावशी. वाळलेली, ताठ, हनुवटीवर तीन केस. लग्नात नवरदेवाकडच्यांना शिव्यांची गाणी म्हणतात ना, त्यात ती पुढे. आमच्याकडे ही गाणी म्हणजे मानपान. व्याह्याचं नाव घेऊन, त्याच्या पोटाचं, त्याच्या मिशीचं, त्याने मागच्या लग्नात चोरलेल्या लाडवांचं गाणं व्हायलाच पाहिजे. ज्याचं नाव राहून गेलं तो माणूस रुसतो. जेवायला उठत नाही, बायको समजूत घालते. माझ्या लग्नात मावशीने माझ्या तोंडाचं गाणं म्हटलं, मग माझ्या बापाच्या तोंडाचं, मग आमच्या बिनघंटीच्या सायकलचं. माझा बाप आनंदाने रडला. म्हणाला, आपल्याला कोणी तरी ओळखलं.

मला जे काही येतं ते मी त्या बाईच्या शेजारी देठ खुडत शिकलो. माणसाचं नाव घ्यायचं, त्याच्या तोंडावर घ्यायचं, आणि तो उलटून बोलेल तेवढी जागा ठेवायची. ती म्हणायची, "नाव नही घेवाव तं शिवी कसाले देवानी? ती हवामा उडी जास."

रेडिओवर मी गेलो तो मिरचीच्या रोगामुळे. शहाद्याच्या बाजूला दोन खोल्यांचा एक छोटा रेडिओ चालतो, बाजारभाव, भजनं, पिकांची माहिती असं काय काय. तिथल्या वैशालीताई मशीन घेऊन पथारीवर आल्या. त्यांना एखादा जाणता शेतकरी पाहिजे होता. मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला मला तिथून घालवायचं होतं, बाकी काही नाही. ताई म्हणाल्या, "चुरडामुरडा रोगाविषयी सांगा." मला रोगाचं नाव तेवढं माहीत. मी म्हणालो, "मिरचीवर चुरडामुरडा पडला की पानं आत वळतात. आमच्या सरपंचाच्या हातावर पडला की बोटं आत वळतात." सरपंचाचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

ताईंनी ते तसंच लावलं.

आमच्या गावात तो रेडिओ मोबाईल खिडकीत उभा ठेवला तर लागतो. गावातल्या सगळ्या खिडक्यांतून माझाच आवाज. मी घरात, आणि बाहेर सरपंच आबांच्या मोटरसायकलचा आवाज. मी कापसाच्या ढिगात शिरलो. माझ्या बायकोने, सिंधूने, दार उघडलं आणि जराही न लाजता सांगितलं, "तो दखा, कापूसमा शे. पाय दिसी ऱ्हायनात."

आबा ढिगासमोर बसले. मी डोकं बाहेर काढलं, डोक्यावर सरकी. मी म्हणालो, "आबा, चुकी झाली." आबा म्हणाले, "चुकी तं शेच. एकच डाव नाव लिधं? आनि संडासनं काहीच नही सांगं?"

मला वाटलं माझ्या कानात कापूस गेला. आबांनी सरकारी संडास बांधला, त्याला कुलूप लावलं आणि चावी जानव्याला बांधली, हे सगळ्या गावाला ठाऊक. पुढच्या वेळी मी ते सांगितलं, आबांना संडास लागली की गावाला आधी चावी ऐकू येते. आबांनी पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावची चार माणसं भांडायला आली. मी परत कापसाकडे निघालो तर एक जण ओरडला, "आम्हना सरपंच काय कमी खास का रे? त्यानं नाव काबरं नही घेत तू?"

असा माझा रेडिओचा धंदा. दर आठवड्याला नावं. इंजेक्शनवाला डॉक्टर, सलाईनवाला डॉक्टर; मी म्हणायचो, काय होतंय ते विचारणारा डॉक्टर अजून आपल्याकडे यायचा आहे. उसाच्या वजनात काटा मारणारा, तीनदा पडलेला पुढारी, छत्र्या वाटून पाऊस पळवणारा पुढारी. आणि दर वेळी शेवटी मी स्वतः, कारण स्वतःला सोडलं तर मावशीने मला पथारीत पुरलं असतं. धमक्या नाही आल्या असं नाही. एका पुढाऱ्याच्या माणसांनी मला बस स्टँडवर धरलं, दोन दिल्या, आणि जाता जाता त्यातल्या एकाने विचारलं, माझंही नाव बसेल का कुठे.

आणि एकही खांदा दिसत नव्हता. बंद खोली, भिंतीला गाद्या ठोकलेल्या, समोर काळा माईक. पहिल्या दिवशी मी विनोद सांगून गप्प बसलो, वाट बघत. ताई काचेपलीकडून हात हलवून सांगतायत, बोला, बोला. मी म्हणालो, ताई, हसू द्या ना त्यांना.

मग कोणी तरी माझ्या बोलण्याचे तुकडे मोबाईलवर पसरवले आणि मुंबईहून फोन आला. टीव्हीचा हास्याचा कार्यक्रम. मला वाटलं मुकादमच आवाज बदलून बोलतोय. मी त्या साहेबाला नको नको ते बोललो. तो म्हणाला, हेच, अगदी हेच पाहिजे.

जायच्या आदल्या दिवशी मावशीने फडकं खाली केलं. पथारीवर ती कधी फडकं खाली करत नाही. म्हणाली, "तठे मन्हं नाव घेजो. आनि गोड गोड नको बोलू, मन्ही काय इज्जत ऱ्हाई?" मग तिने सगळ्या बायांना सांगितलं. पिकअपच्या ड्रायव्हरला सांगितलं. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्यालाही सांगितलं, तो बिचारा गुजरातचा, त्याला वाटलं लग्नाचं आमंत्रण आहे.

मुंबईची मला एकच गोष्ट नीट आठवते, थंडी. बाहेर घाम आणि त्या खोलीत हिवाळा. मी जन्मभर पॅन्ट घातली, तिथे त्यांनी मला धोतर नेसवलं. म्हणाले, गावचे दिसायला पाहिजेत. मला नेसता येईना. तर त्यांच्याकडे धोतर नेसवायला पगारी माणूस! मी हे घरी सांगितलं तर सिंधू अजून मानत नाही.

मग एक साहेब आले, वकील होते, माझे विनोद एक एक करून विचारायला लागले. "हे आबा कोण?" आमचे सरपंच. "खरे आहेत?" हो. "काढा." हा डॉक्टर? खरा आहे. "काढा." ही मावशी? मी म्हणालो, साहेब, आमच्या गावात सगळे खरेच आहेत, खोटा माणूस मी कुठून आणू? ते म्हणाले, "नाव न घेता सांगा. एक सरपंच, एक मावशी." मी म्हणालो, मग त्यांना कसं कळेल की त्यांनाच बोललो? साहेब म्हणाले, "कळू नये म्हणूनच."

माझं डोकं बधिर झालं. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की कळावं म्हणूनच बोलतात.

आणि खरा हादरा अजून पुढे होता. प्रेक्षक आले, छान कपड्यांत, कोणाच्या तोंडाला फडकं नाही. मी पडद्याआड उभा. एक मुलगी पुढे आली आणि प्रेक्षकांना म्हणाली, "चला, आधी जोरात हसून घेऊ." सगळे हसले. "अजून जोरात. पोट धरून." पोट धरून हसले. कॅमेऱ्यांनी ते भरून घेतलं. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो! माझ्यावर हसून झालं होतं आणि मी आत उभा होतो, धोतर धरून.

मी बाहेर गेलो आणि मावशीचं नाव घेतलं. वकीलसाहेब समोर बसलेले असताना घेतलं. म्हणालो, आमची जमनामावशी मिरच्या सुकवत नाही, ती मिरच्यांकडे नुसती बघते, त्या भीतीने सुकतात. म्हणालो, जमनामावशीचा नवरा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाला, हार्ट. गाव म्हणालं, सुटला. लोक हसले. आधी हसले होते त्याच्याहून कमीच, पण हे माझे होते.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मी गावी आलो होतो. मुकादमाच्या ओट्यावर टीव्ही काढलेला. पथारीवरची सगळी माणसं, हातांना अजून आग, अंगाला तो वास. मावशी सगळ्यात पुढे, नवं लुगडं, केसांना तेल. ती सारखी मागे वळून बायांकडे बघत होती, आता येतंय, आता येतंय म्हणून.

मी टीव्हीत आलो. धोतर बघून पहिलं हसू तिथेच गेलं. मग मी टीव्हीत तोंड उघडलं, "आमची," आणि टूंऽऽऽ. "मिरच्या सुकवत नाही." पुढे परत, "टूंऽऽऽचा नवरा गेला तेव्हा." विनोद होता तिथे होता. नाव तेवढं गेलं होतं, आणि त्याच्या जागी ती शिट्टी.

टीव्हीत लोक पोट धरून हसत होते, आधी भरून ठेवलेलं ते हसू. ओट्यावर कोणी हललं नाही. आमच्याकडे टीव्हीत शिट्टी वाजली म्हणजे माणूस घाण बोलला, एवढंच लोकांना माहीत. मुकादमाची आई बोळक्या तोंडाने म्हणाली, "काय शिवी दिधी रे त्यानी इतली? टीव्हीवालास्ले बी लाज उनी!" मी उठून ओरडायला लागलो, "नाव होतं! अहो, नाव घेतलंय मी!" जेवढा ओरडलो तेवढा खोटा वाटलो. माझा मलाच.

मावशी उठली. लुगडं झटकलं. मला वाटलं आता वाजवते, आणि खरं सांगतो, मी गाल पुढे केला. ती म्हणाली, "तुम्ही मोठा व्हई गयात, भाऊ."

तुम्ही. आमच्या बोलीत नवऱ्याला तू, देवाला तू, सरपंचाला तू. मावशीने मला तुम्ही म्हटलं, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी पथारीवर तिने मला बसायला पोतं दिलं, झटकून. मी विनोद केला, ती मान हलवून म्हणाली, "चांगलं सांगं तुम्ही." त्या आठवड्यात गावात लग्न होतं आणि मी मुद्दाम नवरदेवाच्या बाजूला बसलो. मावशीने नवरदेवाला झोडलं, त्याच्या काकाला झोडलं, ढोलवाल्याला झोडलं, मांडवाबाहेर उभ्या बैलालाही सोडलं नाही. माझ्याजवळ आली आणि गाणं माझ्यावरून उडी मारून पुढे गेलं. सिंधूच्या हातातला घास हातातच राहिला. पुरणपोळी होती, मीही जेवलो नाही.

मुंबईला अजून एकदा बोलावलं होतं. गेलो. ठरवून गेलो की या वेळी त्यांना नाव कापताच यायचं नाही असं बोलायचं. प्रत्येक वाक्यात जमनामावशी. सुरुवातीला, मधे, शेवटी, श्वासातही. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. टीव्हीवर मी आलो, नमस्कार केला, आणि लगेच टाळ्या. मधलं सगळं गेलं होतं. गावात आबा म्हणाले, "बेस व्हतं. थोडकामा आवरं." त्यानंतर मुंबईचा फोन आला नाही, आणि मी केला तर तो उचलत नाहीत. असं माझं टीव्हीचं करिअर. लोकांचं डोकं वर गेल्यावर खाली येतं, माझं धोतर सुटलं तेवढंच.

हंगाम सरत आला होता. पथाऱ्या विरळ होत होत्या, लाल गोधडीला भोकं पडावीत तशी खालची माती दिसायला लागली होती. वाऱ्यात मिरचीच्या बिया आणि देठांचा भुगा उडायचा. मी खोकायचो आणि मावशी मला पाणी द्यायची, "घ्या." त्या पाण्याने माझा घसा जास्त जळायचा.

शेवटी मी पथारीवर सगळ्यांसमोर म्हणालो, मावशीची धार गेली. म्हातारी झाली. आता तिच्या शिव्या बालवाडीत चालतील. देठ खुडणारे सगळे हात थांबले. मी म्हणालो, हिंमत असेल तर रेडिओवर येऊन बोलून दाखव, तिथे नाव कापत नाहीत. मावशी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला मिरचीसारखं सुकल्यासारखं झालं. मग म्हणाली, "गाडी कितला वाजता शे?"

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. शहाद्याजवळ लोणखेड्याच्या अलीकडे उतरलो, रस्त्याला कॉलेजची पोरं, उसाच्या गाड्या. ती न बोलता चालत होती, पदर घट्ट. गाद्या ठोकलेल्या खोलीत शिरल्यावर तिने भिंतीला बोट लावून बघितलं. वैशालीताईंनी माईक तिच्या तोंडाशी आणला. मी बाजूच्या खुर्चीत, शिव्या खायला तयार. गोड लागतील असं तोंड करून बसलो होतो.

ताई म्हणाल्या, "आजी, आधी तुमचं नाव सांगा."

मावशीने पदर सारखा केला. ताईंनी परत विचारलं. मावशी म्हणाली, "कोनतं? ह्या लोकेस्नं का मन्हं?"

मी चमकून बघितलं. ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तुमचं."

"रेशम," मावशी म्हणाली. "कळसाडीनी रेशम."

मला वाटलं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. ती माईककडे बघत बोलत राहिली, माझ्याकडे नाही. कळसाडी तिचं माहेर. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने बोटाने जमना लिहिलं. त्याला लिहिता येत नव्हतं, भटाने हात धरून लिहवलं. तिला वाचता येत नव्हतं. मग सासूने हाक मारली, जमना, आणि ही बघतेय की कोणाला बोलावलं. आईबाप गेले, भाऊ गेले, रेशम म्हणणारं कोणी राहिलं नाही. "पहिलं नाव लगीनमा गयं," ती म्हणाली, "दुसरं टीव्हीमा गयं. मी म्हनं, आते काय ऱ्हायनं?"

मी तिथे बसलो होतो. मी, ज्याने त्या नावासाठी मुंबईत हट्ट केला, वकिलाशी भांडलो, टीव्ही घालवला, गावात छाती पुढे काढून सांगितलं की मी नावासाठी लढलो. आणि ते नाव तिचं नव्हतंच! इतके हंगाम तिच्या शेजारी देठ खुडले. तिचे तीन केस मोजून ठेवले होते विनोदाला. कधी विचारलं नाही.  ताईंनी मला खूण केली, काही तरी बोला. मी नुसताच आ करून बसलो. रेडिओवर ते दिसत नाही, एवढंच माझं नशीब.

आणि फोन वाजला. त्या वेळी बाजारभाव लागायचे असतात, लोक फोन करत नाहीत. ताईंनी काचेपलीकडे जाऊन तो तसाच थेट चालू कार्यक्रमात जोडला. पलीकडे एक म्हातारा आवाज, बाईचा, धापा टाकत.

"कोन बोली ऱ्हायनी? रेशी? कळसाडीनी?"

मावशी म्हणाली, "हा."

"शेंबडी रेशी? नाक पुसाले येये नही ती?"

"हा वं, तीच."

"मुडदी! सटवी! लगीन करी गयी ती मांगे वयी दखं नही! कथी मरी गयती वं तू? मी कमल!"

काचेपलीकडे ताई बाजारभावाचा कागद हातात धरून उभ्या होत्या, आणि त्यांनी तो खाली ठेवला. मावशीने माईक दोन्ही हातांनी धरला, मिरचीने भाजलेल्या त्या हातांनी, एवढा जवळ ओढला की तिचा श्वास अख्ख्या तालुक्याला ऐकू गेला असेल.

"आखो बोल," ती म्हणाली. "आखो शिव्या दे वं, कमल. नाव ली ली दे."